मेव्हण्याचे बूट

मेव्हणा आंघोळीला गेला तसे तपासनीसाने त्याचे पांढरे बूट उचलून गॅलरीत आणले. बादली, भांड्यांचा साबण, वाटीत खाण्याचा सोडा आणि एक जुना टूथब्रश त्याने आधीच मांडून ठेवला होता.

"तुम्ही धुणार? त्याचे बूट?" बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "स्वतःचे कधी धुतले नाहीत ते."

"वरून नाही. सोल तेवढे घासतो. मळलेत."

"दुकानदारांचे काटे तपासता ते पुरत नाही वाटतं. आज सुट्टी आहे, बसा की जरा."

तो हसला नाही. हे बूट धुणं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मेव्हणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवरून पडला, उजवा घोटा मोडला आणि बहिणीकडे राहायला आला. प्लास्टर निघून महिने उलटले तरी लंगडणं थांबत नव्हतं आणि बाहेरच्या खोलीतली गादी गुंडाळली जात नव्हती. काल भाजी घेऊन येताना तपासनीसाने बायकोला सांगून टाकलं होतं. पाय खरोखर अधू असेल तर वर्षभर राहू दे, मी हूं की चूं करणार नाही. पण सोंग असेल तर त्याने उद्याच आपली वाट धरावी. "आणि ते कळायला डॉक्टर नको. पाय ओढणाऱ्याचा सोल पुढच्या टोकाला झिजतो. माणूस खोटं बोलेल, बूट खोटं बोलत नाही."

बायकोने तेव्हा पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती, एवढंच.

त्याने लेस काढून बाजूला ठेवल्या. काडीने खाचांतले खडे टोकरले, ब्रश सोड्यात बुडवला आणि आधी उजवा बूट घेतला. फेसाखालून सोल वर आला. टाच थोडी झिजलेली, टोक कोरं. एकही ओरखडा नाही. तपासनीसाने मनातल्या मनात गादी गुंडाळून ठेवली.

मग डावा घेतला.

डाव्याचं टोक झिजलेलं होतं. चांगलं अंगठ्याएवढं. पाण्याने धुऊन त्याने ते उजेडात धरलं. बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने, आणि अगदी ताज्या. रस्ता असा झिजवत नाही. हा पॉलिश पेपर. मेव्हण्याच्या रंगाच्या पेटीत तो असतोच.

सापडला, असं त्याला वाटलं. पण ते पटेना. लबाडी करायचीच तर माणूस इतका कसा चुकेल? आपला कुठला पाय मोडलाय हे कुणी विसरत नाही. ज्याचा मोडलेला नाही, तोच विसरतो.

त्याने डावा बूट पुन्हा उलटा धरला. सोल वर केला की तो उजव्यासारखा दिसत होता.

बायको अजून दारातच होती. कोरडे हात पदराला पुसत होती.

"हा डावा आहे," तो म्हणाला.

तिने बुटाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "उलटा धरला की कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"म्हणजे तुलाही त्याची खात्री नाही."

"मला तुमची खात्री नव्हती."

"दोन्ही सोल कोरे दिसले, म्हणूनच रात्री पॉलिश पेपर घासलास ना?"

आतलं पाणी मघाशीच थांबलं होतं. दाराची कडी वाजली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला मेव्हणा चौकटीला धरून गॅलरीत आला.

"अहो भाऊजी, तुम्ही कशाला हात घातलात? मी केलं असतं बसल्या बसल्या. तेवढंच कामाला लागलो असतो."

तपासनीसाने बूट मागे घ्यायच्या आत मेव्हण्याने तो उचलला होता. टोकावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"झिरो नंबरचा पेपर," तो म्हणाला. "माझ्या पेटीतला." मग बहिणीकडे वळला. "ताई, चुकीच्या बुटाला लावलास गं."

तपासनीसाने सोड्याची वाटी बाजूला सरकवली.

"बरोबर बुटाला लावला असतास तरी चुकलंच असतं. मी पाय ओढत कुठे चालतो? ओढला तर कळ थेट कमरेत जाते. उचलतो आणि हलकेच टेकवतो. रोज तुमच्यासमोरून तर चालतो, भाऊजी."

"तसं नाही रे. मी आपले मळलेत म्हणून..."

"असू दे."

मेव्हणा स्टुलावर बसला. बूट त्याने जागेवर ठेवला. वाकून पायजम्याची उजवी बाजू गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाय ओल्या फरशीवर पुढे केला.

"बघा," तो म्हणाला. "दोघंही बघा."

गॅसवर काही नव्हतं, तरी बायको लगबगीने गॅसकडे गेली. तपासनीसाने ब्रश सोड्यात बुडवला आणि लख्ख झालेला सोल, मान खाली घालून, पुन्हा घासायला घेतला.