वजनाला हात

दुकानदाराने काउंटरवर मखमलीचा तुकडा पसरला आणि चिरूट कापायचे कटर त्यावर एकेक करून मांडले. मास्तरांनी आधी मखमलच चिमटीत धरून पाहिली. मग कटरांकडे वळले.

सून शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने आपले दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले होते. न जाणो, मदतीला धावायचे. घरी तेच तर बिनसलं होतं. जिन्यावरून पडल्यापासून मास्तरांचा उजवा हात लुळा झाला, आणि त्यांचा रविवारचा चिरूट मुलगा कापून द्यायला लागला. मास्तर "बरं" म्हणायचे आणि तो न पेटवताच डब्यात ठेवून द्यायचे. शिंप्याच्या दुकानात कटिंगमास्तर म्हणून हयात घालवलेला माणूस. दुसऱ्याने कापलेलं त्याला गोड लागेना.

"ही कात्री घ्या," दुकानदार म्हणाला. "खास चिरुटाचीच आहे. तुम्हाला म्हणजे डाव्या हातचा मळ." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मास्तर हसले. "कात्री उजव्या हाताचीच, साहेब. डाव्यात धरली की पाती फाकतात. मग ती कापत नाही, चावते." त्यांनी कात्री मिटवली आणि टोक स्वतःकडे करून परत दिली.

सोनेरी मुलाम्याचा कटर त्यांनी तळहातावर तोलला. "नाकापेक्षा मोती जड."

मग एक साधा पोलादी कटर उचलला. दोन कड्या, मध्ये दोन पाती. अंगठा आणि बोट कड्यांत घालून त्यांनी तो कानाजवळ उघडला, मिटला. उजेडासमोर धरून फटीतून पाहिलं. "याला डावं-उजवं कळत नाही. हाच."

दुकानदाराने एक चिरूट पुढे ठेवला. "करून बघा. मी धरतो, तुम्ही कापा."

"भरवणारेसुद्धा घरी आहेत हो," मास्तर म्हणाले.

त्यांनी चिरुटाला कटर लावला. चिरूट गरकन फिरला. पुन्हा लावला, तर तो घरंगळत थेट काउंटरखाली गेला. दुकानदार वाकून शोधू लागला. सुनेने हात पर्सखाली आणखी दाबले. आता बाबा उठणार, तिला वाटलं. आणि एकदा उठले की घरातलं एकही काम पुन्हा स्वतः करून बघणार नाहीत.

मास्तर उठले नाहीत. वर आलेल्या चिरुटाकडे बघत पुटपुटले, "घसरतंय. रेशीम असंच करायचं."

त्यांनी कटर बाजूला ठेवला. चिरूट काउंटरवर आडवा घेतला, त्याचं डोकं कडेच्या जरासं बाहेर काढलं. मग डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून गळ्यातल्या झोळीतून उचलला. कापडावर ठेवायचं लोखंडी वजन उचलावं तसा. आणि अलगद चिरुटावर ठेवला.

हात पडून राहिला. चिरूटही हलला नाही.

"वजन ठेवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नसते," ते सुनेला म्हणाले. "मीच विसरलो होतो. कापायचा नाही हा आता. पण वजनाला काय वाईट आहे?"

त्यांनी डाव्या हातात कटर घेतला, चिरुटाच्या डोक्यावरची पानाची टोपी संपते त्याच्या जरा अलीकडे नेला आणि थांबले. "सदऱ्याचा गळा कापायचा असतो तसंच हे. कमी गेलं तर पुन्हा कापता येतं. जास्त गेलं की सदरा वाया."

कच्.

शर्टाच्या बटणाएवढी चकती मास्तरांच्या मांडीवर पडली.

"बघ गं," मास्तर म्हणाले, "दोरा सुटलाय का कुठे?"

सुनेने अखेर पर्सखालून एक हात काढला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. पान कुठेच फाटलं नव्हतं. तिच्या लग्नातला नवऱ्याचा कोट याच हातांनी बेतला होता. त्याची शिवणही अशीच होती, बोटाला न लागणारी.

"नाही बाबा. कुठेच नाही."

दुकानदार कटर डबीत घालू लागला. निघायचं म्हणून सून उठली आणि सवयीने सासऱ्यांचा उजवा हात झोळीत ठेवायला वाकली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "कामावर आहे तो."