खंडेनवमीचा मेमो

साहेब, खंडेनवमीला मी काम टाळलं, म्हणून मला कामावरून का काढू नये, असं तुम्ही मेमोत विचारलंय. काम टाळलं, हे धादांत खोटं आहे.

त्या दिवशी ऑफिसातल्या पूजेला तुम्ही मला बोलावलं नाही. "तू कंत्राटी. घरी बसून टेंडरची फाइल पूर्ण कर," म्हणालात. मी बसले, पण ती फाइल ज्यात होती ते ऑफिसच्या सर्व्हरवरचं सगळ्यांचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर उघडेचना. आयटीच्या तळेकरांना फोन लावला. त्यांनी राउटर बंद-चालू करायला लावला, पासवर्ड बदलायला लावला, अँटीव्हायरस काढायला लावला. शेवटी पेढा चघळत म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर भंगार आहे तुमचा." मागून तुम्ही ओरडलात, "कॉम्प्युटर कसला, बाईच भंगार आहे!" सगळे खिदळले.

दुपारी ग्रुपवर तुमचाच फोटो आला. केबिनमधल्या सर्व्हरला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ, आणि तुम्ही हात जोडून उभे. त्याचा प्लग काढून बाजूला ठेवलेला. खाली तुम्हीच लिहिलेलं, 'आज यंत्राला विश्रांती. कुणीही हात लावू नये.'

प्लग तुम्ही उपटलात आणि बिघाड माझ्या घरात शोधत बसलात. खुलासा हवा होता ना? हा घ्या. आता तुमचा द्या, तोही लेखी. वर्षभर राबला म्हणून त्या डब्याच्या पाया पडलात, मग त्याच डब्यावर वर्षभर राबणाऱ्या बाईला त्याच दिवशी भंगार कुठल्या तोंडाने म्हणालात?