टोकाचा हात

बैरूतच्या आमच्या विद्यापीठात संगीत नाटकाची तालीम चालू होती. हातात हात गुंफून नाचायच्या दबकेत रबीह सगळ्यांच्या पुढे रुमाल फिरवत होता. मला त्याने मुद्दाम रांगेच्या शेवटी टाकलं होतं.

"मिर्ना, डावा हात कमरेवर!" नायला मॅडम खेकसल्या.

"कुणीतरी धरलाय, मॅडम."

"तुझा हात कोण धरणार?" रबीह पुढून ओरडला. सगळे फिदीफिदी हसले.

माझ्या डावीकडे नुसती भिंत होती. मी हिसडा दिला, तशी ओलसर बोटं आणखीच आवळली.

"मला कशाला? त्याचा धर," मी दातओठ खात पुटपुटले.

माझ्या हातावरची पकड सैल झाली नाही.

पण रबीहचा रुमाल खाली पडला. रांगेच्या त्या टोकावरून तो किंचाळला, "मिर्ना, सोड माझा हात!"