धोंडीरामची ओंजळ

शहाऐंशी सालची गोष्ट. अंबडच्या कारखान्यातल्या धोंडीरामने आपलं साखरेचं दुखणं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीचं, मैनाचं लग्न जमत होतं. सोयरीक मोडायला काय वेळ लागतो? खरं लिहिलं ते फक्त विम्याच्या अर्जात. "कागद ऑफिसाबाहेर जात नाही, काका," एजंट म्हणाला होता.

त्याच आठवड्यात चहावाल्याने न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला. शेजारच्या शकुबाईंनी पेढ्यांचं ताट त्याच्यासमोरून अलगद पुढे नेलं.

रामनवमीनंतर इंदिरानगरच्या देवळात काल्याचं कीर्तन झालं. सायखेड्याचे बुवा इकडे पहिल्यांदाच आलेले, पण गळा असा की ऐकणाऱ्याचे डोळे भरावेत. ओंजळी-ओंजळीत बुंदी घालत ते धोंडीरामपाशी आले आणि मायेने त्याची बोटं मिटवून म्हणाले, "माऊली, तुम्हाला वर्ज्य ना? आणि डाव्या पायाला जपा."

"पायाला तर काही नाही, बुवा. ते मी लिहिलंही नव्हतं."

शेजारी मैनाचे होणारे सासरे रंगनाथराव उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या हो. पायाचं आम्हालाही कालच कळलं."

बाहेर चैत्राचं ऊन होतं. तापल्या फरशीवर माणसं नाचत नाचत चपला शोधत होती. धोंडीरामचा उजवा पाय पोळला, त्याने तो चटकन उचलला.

डावा तसाच फरशीवर टेकलेला होता, अगदी निवांत.