भेटायला आलेली माणसं

भाऊराव आणि रामदास भेटायला आले. दोघं श्रीपतच्याच ऑफिसातले. त्याच्या बायकोच्या, नीलाच्या पुण्यानुमोदनाला ड्यूटीमुळे येता आलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मांडीवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसले.

आत श्रीपतच्या सासूबाई, गयाबाई, स्टोव्हला पंप मारत होत्या. त्या आता नागपूरला परत जायचं म्हणत होत्या. "आई, थंडी सरेपर्यंत तरी राहा," असं श्रीपत सकाळीच म्हणाला होता. त्या "बघू" म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज थेट नीलासारखा होता. आतून त्यांनी नुसतं "नळ आला" म्हटलं, तरी त्याला घरात कोणी असल्यासारखं वाटे. त्या गेल्यावर या क्वार्टरमध्ये संध्याकाळी कुलूप उघडून यायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं. हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं.

"काय थंडी आहे यार," भाऊराव म्हणाला.

"हो ना," श्रीपत म्हणाला.

रामदासला राहवलं नाही. "हजरतगंजच्या टॉकीजचं ते पिक्चर शुक्रवारी उतरतंय. उडणाऱ्या माणसाचं."

"उतरू दे. एका हाताने पूल धरतो म्हणे! पोरखेळ नुसता," भाऊराव म्हणाला.

"शिट्टी तर तूच मारलीस, भैया."

"शिट्टी वेगळी, अवॉर्ड वेगळं. अवॉर्ड यंदा त्या दुसऱ्या पिक्चरमध्ये मास्तरचं काम केलेल्यालाच. बायको मरते तेव्हा काय रडलाय गडी..."

भाऊरावची जीभ तिथेच अडली. दोघं फरशीकडे पाहू लागले. पाहुण्यांची ही दशा श्रीपतला बघवेना.

"छे! रडायला काय लागतं?" तो म्हणाला. "ते कोणीही करेल. उडायला अंगात दम लागतो. तो बघितलास का, ढगातून जातो, पण तोंड असं, जसा काही सायकलवरून ड्यूटीला निघालाय."

रामदास फिसकन हसला. "अच्छा! मग अवॉर्ड त्यालाच?"

"त्यालाच! हे बघ."

श्रीपत स्टुलावर चढला. दारामागच्या खिळ्यावरचं हाताला लागलं ते ओढून त्याने पाठीवर टाकलं, गळ्याशी गाठ मारली, पोट आत घेतलं आणि एक मूठ पुढे केली.

"आलमबागच्या गच्च्यांवरून नको उडूस," भाऊराव ओरडला, "पतंगाच्या मांज्यात मान अडकेल!"

तिघंही हसले. श्रीपत सगळ्यांत मोठ्याने हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता खोबरेल तेलाचा वास त्याच्या नाकात गेला. त्याने खांद्याकडे पाहिलं. नीलाची तपकिरी शाल होती.

गयाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

त्यांनी कप टेबलावर ठेवले. शालीकडे पाहिलं नाही. "भाऊराव, तुम्ही चारबाग स्टेशनवरूनच जाता ना? माझं उद्याचं तिकीट मिळतं का बघा."

"आई, इतक्यात कशाला..." श्रीपत स्टुलावरूनच म्हणाला.

"जाते आता, जावईबापू." आवाजात राग नव्हता. "तुमच्याकडे माणसं येतात, बसतात. माझी काळजी मिटली."

तसं नाही, असं त्याला सांगायचं होतं. पण ते आता कोणत्या तोंडाने सांगणार? तो घाईघाईने गाठ सोडायला गेला, तशी ती जास्तच आवळली. भाऊराव आणि रामदास चहाकडे बघत राहिले.

गयाबाई स्टुलाजवळ आल्या. पदराला हात पुसले.

"वाका जरा," त्या म्हणाल्या.

श्रीपतने डोळे मिटून मान खाली घातली.