आक्कांचे उपास

“उपास कमी करायचे, आक्का. या वयात शरीराला एवढा ताण नको.”

डॉक्टरांचा हा आवाज अदितीच्या कानातून जात नव्हता. सासूबाईंचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. गोळी बदलून झाली, तिची ताकद वाढवून झाली. मागच्या पंधरवड्यात आक्का तुळशीपाशी भोवळ येऊन बसल्या, तेव्हा डॉक्टरांनी अदितीला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर एक दिवस अर्धांगाचा झटका येईल.

आक्कांनी हसून मान डोलावली आणि उपास होते तसेच ठेवले. सोमवार लग्नापासूनचा, तो संध्याकाळी सोडायच्या. गुरुवार आणि शनिवार अलीकडे धरलेले, ते मात्र दोन्ही वेळचे. दिवसभरात वाटीभर ताक, बस.

अदितीला काळजी वाटे, तसा अभिमानही वाटे. शाहूपुरीतल्या त्यांच्या गल्लीत बायका मुलींना घेऊन आक्कांच्या पाया पडायला येत. आक्का कुणाकडून काही घेत नसत. नवऱ्याच्या, दत्तोपंतांच्या, मागं मिळणाऱ्या पेन्शनीत आपलं भागवायचं, औषधसुद्धा त्यातूनच, आणि गोळ्या ठेवायच्या देवघराच्या कप्प्यात, हा त्यांचा खाक्या. मुलानं, अभिरामनं, एकदा गोळ्या आणून दिल्या तर संध्याकाळी त्याच्या खिशात पैसे ठेवलेले सापडले. त्यावर तो चिडला, पण बाहेर चारचौघांत ही गोष्ट तोच कौतुकानं सांगायचा.

गोळ्या सारख्या महाग होत होत्या. आमदार अमरसिंहांनी निवडणुकीआधी स्वस्त औषधांचं दुकान काढलं होतं. फीत कापतानाचा फलक अजून चौकात होता, दुकानाला कुलूप होतं. कुणी विचारायला गेलं की ते म्हणत, दर दिल्लीत ठरतात. औषधांच्या एका बड्या ठोक व्यापाऱ्याच्या पैशातून त्यांची फुटबॉल स्पर्धा मात्र झोकात झाली.

चैत्रात अमरसिंह स्वतः घरी आले.

“आक्का, शनिवारी महिला मेळावा हाय. व्रतस्थ माता म्हणून तुमचा सत्कार करायचाय. न्हाय म्हणायचं न्हाय बघा.”

आक्का नाही म्हणतील, अशी अदितीची खात्री होती. भजनी मंडळातही त्या कधी पुढं बसल्या नव्हत्या. पण त्यांनी चहा पुढं केला आणि दोन शब्द बोलायला मिळतील का, एवढंच विचारलं.

“दोन काय, धा शब्द बोला की. तुमचाच कार्यक्रम हाय.”

ते गेल्यावर अदितीनं संधी साधली. एवढा मोठा मान मिळतोय, आता तरी उपास आवरते घ्या, असं ती काकुळतीला येऊन म्हणाली. शेवटी तिनं आपल्या गळ्याची शपथ घातली.

आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“सत्कार होऊ दे. तिथून आले की गुरुवार-शनिवार दोन्ही सोडते. शब्द दिला तुला.”

अदितीनं देवापुढं साखर ठेवली.

शनिवारी सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. अमरसिंहांनी शाल घातली, नारळ दिला. अशा माउलींच्या पुण्याईवरच आपलं कोल्हापूर उभं आहे, असं ते म्हणाले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत अदितीचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईला तिनं न विचारताच सांगितलं, की या माझ्या सासूबाई.

आक्का माईकपाशी आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळं सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

“सोमवार देवाचा आहे. गुरुवार आणि शनिवार देवाचे नाहीत, साहेब. ते तुमचे आहेत. माझी गोळी जेवल्यावर घ्यायची असते. उपास म्हटलं की घरात कुणी विचारत नाही, आज गोळी का घेतली नाही. पहिल्यांदा दर वाढला तेव्हा गुरुवार धरला. पुन्हा वाढला, तेव्हा शनिवार.”

त्यांनी शालीची नीट घडी घालून ती आमदारांच्या खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, आणि पायऱ्या उतरून त्या जेवायला घरी निघाल्या.