जिनिव्हाचा कावळा

जिनिव्हातल्या बाल्कनीत यमुनाबाई नवऱ्याच्या नावाचं पितृपक्षाचं ताट ठेवून कधीच्या उभ्या होत्या. कावळा कठड्यावर येऊन बसला होता, पण वड्याला चोच लावेना.

"बाबांची काही इच्छा राहिली असेल," म्हणत मुलाने हात जोडले. "बाबा, आईला नीट सांभाळीन."

कावळ्याने मान फिरवली.

"श्रीमंत देशातला कावळा! पोट भरलेलं असणार मेल्याचं," यमुनाबाई करवादल्या.

"इथली माणसंसुद्धा सरासरी चौऱ्याऐंशी वर्षं जगतात, आई. आपल्याकडे बहात्तर. बाबांना वेळेवर इथे आणलं असतं तर..." मुलाने चष्मा काढून पुसला. बाबा पासष्टीतच, कऱ्हाडला, अँब्युलन्सची वाट बघता बघता गेले होते.

यमुनाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग कावळ्याकडे वळून, जन्मभर नवऱ्याशी बोलल्या त्याच चढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? मी आता इथेच राहणार. चौऱ्याऐंशी पुरी झाल्याशिवाय तुमच्याकडे यायची नाही!"

कावळ्याने झडप घालून वडा उचलला.

"बघितलंस?" यमुनाबाई हसत हसत डोळे पुसू लागल्या. "इच्छा कसली, मी लवकर टपकते की काय, ही धास्ती होती त्यांना!"